आजी दिसते, पण ऐकू येत नाही

आमच्या इंदूरच्या घरी लेकीचं बारसं होतं. आजीनं स्वतः रचलेला पाळणा म्हटला आणि मी तो मोबाइलवर टिपला. आजही तो व्हिडिओ लावला की आजीच्या नथीतला मोतीन्‌मोती दिसतो, ओठ हलताना दिसतात. ऐकू मात्र येतो तो डोक्यावरचा पंखा, आणि कुणीतरी आतून विचारतंय, "अगं, वडे आत्ताच तळू का?" आजी आता नाही. पाळणा तिनं कधी लिहून ठेवला नव्हता.

पुतण्याची मुंज ठरली तेव्हा मी छोटा एचडी कॅमकॉर्डर घ्यायला गेले. दुकानदार झूमचे आकडे सांगत सुटला. तुम्ही गेलात तर एवढंच विचारा, "यातला ऑप्टिकल झूम किती?" डिजिटल झूम म्हणजे चित्राचा तुकडा कापून ताणायचा, चेहरा जवळ येतो, पण पुसट होतो. हात थरथरत असेल तर ऑप्टिकल स्टॅबिलायझेशनही हवंच. 4के नसलं तरी माझं काही अडलं नाही. घरच्या टीव्हीवर फुल एचडी, म्हणजे 1920 × 1080, छान दिसतं, आणि फाइलीही आटोपशीर राहतात.

खरी मेख आवाजाची. बाहेरचा माइक लावायची सोय बऱ्याच स्वस्त, छोट्या मॉडेलांत नसतेच! मी सरळ दुकानातला पंखा चालू ठेवायला सांगितला, चार हातांवरून दुकानदाराला बोलायला लावलं आणि इअरफोन घालून ऐकलं. दोन कॅमेरे तिथेच बाद झाले. (तो वैतागला असावा. असू दे.) शेवटी माइकची पिन लागणारा घेतला, थोडा महाग पडला. सोबत कॉलरला लावायचा साधा माइक आणि एक जादा बॅटरी. झूम कमी मिळाला, त्याचं मला काही वाटलं नाही.

मुंजीच्या आदल्या दिवशी आत्या आली. आजीचा पाळणा तिला थोडा येतो. तिच्या पदराला माइक लावला, पंखा बंद केला, स्वयंपाकघराचं दार लोटलं. दोन कडवी झाली आणि ती थांबली. "पुढचं नाही गं आठवत," म्हणाली. तेही मी कापलं नाही.