गिअरचा आखूड दांडा

तुमच्या घरी जुनी जीप किंवा जिप्सी असेल आणि घरात एखादा गाडीवेडा तरुण असेल, तर 'शॉर्ट शिफ्टर' हा शब्द आज ना उद्या तुमच्या कानावर येणारच. आमच्या घरी तो दिवाळीच्या सुट्टीत आला. चाकणला कारखान्यात नोकरीला असलेला माझा पुतण्या एका खोक्यात नवा गिअरचा दांडा घेऊन आला आणि म्हणाला, "काका, हा आपल्या जिप्सीला बसवायचा. गिअर कसा खटकन पडतो बघा!"

माझ्या थोरल्या बंधूंनी डोळे वटारले. "रोज पहाटे त्या गाडीवर दुधाचे कॅन डेअरीला जातात. गिअरबॉक्स बसला तर कॅन काय डोक्यावरून न्यायचे?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू शेतकीची पदवी घेतलीस ना? सांग याला चार शब्द."

शेतकीच्या पदवीचा आणि जिप्सीचा संबंध तो कितीसा! पण तरफ मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही आहे. गावचा हातपंप आठवा. त्याचा दांडा लांब असतो म्हणून दहा वर्षांची पोरही पाणी काढते. तोच दांडा निम्मा केला तर हात कमी हलेल खरा, पण पोर लोंबकळली तरी पाणी येणार नाही.

गिअरच्या दांड्याचे तेच आहे. दांड्याला एक गोळा असतो, तो वाटीत बसतो. तो झाला टेकू. समजा गोळ्याच्या वर 30 सेंटिमीटर दांडा आहे आणि खाली 5. खालचे टोक 1 सेंटिमीटर सरकवायचे तर वरची मूठ 6 सेंटिमीटर हलवावी लागते. आता गोळा वर घेऊन वर 28 आणि खाली 7 असा दांडा केला, तर मूठ 4 सेंटिमीटर हलली की काम होते. फायदा दिसला ना? आता खर्चाची बाजू पाहा. पूर्वी जिथे 2 किलोचा जोर पुरत होता, तिथे आता 3 किलो लागेल. वरचा दांडा करवतीने कापला तरी हिशेब तोच, शिवाय मूठ खाली जाते आणि दर गिअरला वाकावे लागते. तो उद्योग मुळीच करू नका.

मी पुतण्याला विचारले, "तुझी मूळ तक्रार काय?" तो म्हणाला, "दांडा ताकातल्या रवीसारखा हलतो. तिसरा कुठे नि पाचवा कुठे, समजतच नाही." मी म्हटले, मग आधी उघडून तर पाहू.

गाडी सपाट जागी उभी केली, चाकांना दगड लावले, गिअर न्यूट्रलला ठेवला. मूठ फिरवून काढली, रबरी टोपी वर सरकवली. जिप्सीचा दांडा थेट गिअरबॉक्समध्ये उतरतो, त्यामुळे काम सोपे. आतली झाकणी दाबून उलटी फिरवली की दांडा हातात येतो. मात्र त्याआधी भोवतालची माती पुसून घ्यावी, आणि दांडा निघताच उघड्या तोंडावर स्वच्छ फडके टाकावे. एखादा नट आत पडला, तर तो काढायला पूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागू शकतो.

खरा रोग तिथेच सापडला. गोळ्याखालची प्लॅस्टिकची वाटी इतक्या वर्षांत झिजून तिचे तुकडे झाले होते. तालुक्याच्या दुकानातून नवी आणली. पण पोराची हौस राहू नये म्हणून नवा दांडाही बसवू दिला. त्याचा गोळा वर असल्याने वाटीही वर उचलावी लागते. त्यासाठी सोबत एक जाड कडी येते. गोळ्याला आणि खालच्या टोकाला ग्रीस लावले. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहिले. ही तपासणी टाळू नका. रिव्हर्स चुकून पडत नाही ना आणि दांडा कडेला कुठे अडत नाही ना, हे आधीच कळलेले बरे.

पुतण्या फाट्यापर्यंत जाऊन आला. गडी खूश! दादा गप्प. पण डेअरीला गाडी नेते ती थोरली सून. दुसऱ्या दिवशी पहाटे थंडीत, कॅन भरलेले असताना ती निघाली. ओढ्याच्या चढाला तिसऱ्यातून दुसरा टाकायला तिला दोन्ही वेळा जोर करावा लागला, आणि एकदा आतून करकर आवाज आला. आत पितळी कड्या असतात. दोन फिरत्या चाकांचा वेग सारखा होईपर्यंत त्या घासत राहतात. त्यांना क्षणभर वेळ लागतो, आणि थंड, घट्ट तेलात तर जास्तच. दांडा आखूड झाला म्हणून तो वेळ कमी होत नाही. घाई केली की झीज त्यांची होते.

घरी येऊन ती दिराला म्हणाली, "भाऊजी, हा दांडा तुमच्या हाताचा आहे, माझ्या मनगटाचा नाही."

पोरगा हिरमुसला, पण संध्याकाळी त्यानेच पाने काढले. कडी काढली, जुना दांडा नव्या वाटीत बसवला. रवीसारखे हलणे बंद झाले होते. सुनेने गाडी गल्लीत फिरवून आणली आणि म्हणाली, "हेच हवं होतं."

तुमची मोटार पुढच्या चाकांवर ओढणारी असेल, तर तिचा दांडा सळ्यांनी किंवा केबलने गिअरबॉक्सला जोडलेला असतो. तिथे सैलपणा आला, तर आधी त्या जोडांचे बुश तपासून घ्या. आणि गाडी हमीच्या मुदतीत असेल तर असा बदल करण्यापूर्वी विक्रेत्याला विचारा.

वाटीचे पैसे दादांनी दिले. आखूड दांडा पडवीत खुंटीला टांगलेला आहे. पुतण्या म्हणतो, स्वतःची जुनी जिप्सी घेईन तेव्हा नेईन.