पारसिकच्या बोगद्यात आलेली फाईल

साधारण पंधरा वर्षांपूर्वी डोंबिवली-ठाणे फास्ट लोकलमध्ये रोजच्या एका सहप्रवाशाने माझ्या नोकियात ब्लूटूथने एम-इंडिकेटर टाकून दिलं होतं. आमची ओळख चेहऱ्यापुरती. नाव मी कधी विचारलं नाही. सचिन टेके यांनी बनवलेलं ते लोकलचं वेळापत्रक तेव्हा साध्या जावा फोनवरही चालायचं. पारसिकच्या बोगद्यात नेटवर्क गेलं, पण फोनला फोन लावलेला होता, फाईल आली. पुढे कितीतरी जणांना मी ती तशीच दिली.

गेल्या वर्षी कल्याणच्या मावशीच्या व्हॉट्सअ‍ॅपवरही एक फाईल आली. दिराच्या नंबरवरून, वाहतुकीच्या दंडाची. शेवटी ‘एपीके’ ही तीन अक्षरं होती, म्हणजे ते अ‍ॅप होतं. तिला ती कशी कळावीत? फोनने परवानगी विचारली, तिने दिली. मग ते अ‍ॅप बँकेचे ओटीपी वाचत राहिलं आणि पैसे गेले. १९३० वर तक्रार नोंदवताना ती एवढंच म्हणत होती, “अरे, नाव तर भावजींचंच होतं.” भावजींचं व्हॉट्सअ‍ॅप आधीच चोरांच्या हातात गेलेलं होतं. मला पैशांइतकंच याचंही वाईट वाटतं, की ओळखीच्या माणसाने दिलेलं घ्यावं ही आमची जुनी रीतच चोरांनी वापरली.

म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने नवा नियम जाहीर केला, तेव्हा मला तो एकदम झिडकारता आला नाही. अँड्रॉइडवर अ‍ॅप कुठूनही घ्या, बनवणाऱ्याने आपली ओळख गूगलकडे नोंदवलेली हवी. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून, २०२७ पासून इतरत्र. एफ-ड्रॉइड हे मुक्त अ‍ॅप्सचं भांडार चालवणाऱ्यांनी कडाडून विरोध केला. नोव्हेंबरमध्ये गूगलने जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू, असं सांगितलं. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १३३७.७६ कोटींचा दंड केला, तेव्हा बाहेरून अ‍ॅप देण्याची वाट अडवू नका असंही बजावलं होतं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, हा आदेश मात्र रद्द केला.

मावशीच्या फोनला कडी हवीच. पण ती आतल्या बाजूला हवी, असं मला मनापासून वाटतं. फोन तिने तिच्या पेन्शनीतून घेतलाय. आपल्या गल्लीच्या पाण्याच्या वेळा सांगणारं अ‍ॅप उद्या डोंबिवलीतल्या एखाद्या मुलाने बनवलं, तर ते शेजाऱ्याला देण्यासाठी त्याने आधी दूरच्या एका कंपनीकडे नोंदणी का करावी?

पैसे गेल्यानंतरच्या एका रविवारी मी मावशीच्या फोनमधली ‘अनोळखी अ‍ॅप’ची परवानगी एकेक करून बंद केली. व्हॉट्सअ‍ॅप, ब्राउझर, फाईल्स. ती शेजारी बसून बघत होती.

“तुझ्या फोनात चालू आहे?”

“एकाच ठिकाणी. एफ-ड्रॉइडला.”

तिने चष्मा लावला, फोन माझ्या हातातून घेतला. “मग मलाही दाखव कुठे आहे ते. पुन्हा पहिल्यापासून, सावकाश.”