उज्जयिनीत एका सुट्या भागाचा शोध

अवंतिका, विशाला, उज्जयिनी अशी अनेक नावे मिरविणाऱ्या या नगरीस मनुष्य सामान्यतः दोन हेतूंनी जातो. श्रद्धाळू असेल तर महाकालेश्वराच्या दर्शनास जातो, आणि रसिक असेल तर कालिदासाच्या मेघाची वाट धुंडाळीत क्षिप्रातीरी येतो. जुन्या फियाट मोटारीच्या गिअरची एक कडी मिळावी म्हणून उज्जयिनीची वाट धरणारा प्रवासी विरळाच. तो योग प्रस्तुत लेखकाच्या वाट्यास आला, आणि त्या निमित्ताने ही नगरी जशी दिसली तशी वाचकांपुढे ठेवीत आहे.

वसईकडे आमच्या मामांच्या अंगणात १९६७ सालची ‘फियाट अकराशे डिलाइट’ उभी आहे. त्यांच्या वडिलांनी ती नाव नोंदवून, कित्येक वर्षे वाट पाहून घेतली होती. त्या काळी मोटार विकत घेणे म्हणजे पैसा असून भागत नसे, धीरही लागे. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्यातील कारखान्यात ही गाडी बने. मूळ आराखडा इटलीचा, इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, आणि गिअरचा दांडा पायाशी नसून सुकाणूच्या चक्राखाली, हाताशी. याच गाडीस पुढे १९७४ च्या सुमारास चितोडच्या राणीवरून ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. इटलीत हे वाण १९६० च्या दशकाबरोबरच संपले. आपल्याकडे मात्र ते विसावे शतक सरेपर्यंत बनत राहिले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच.

आणि टॅक्सी होती तोवर सुट्या भागांची चिंता कोणासच नव्हती. हजारो गाड्या रात्रंदिवस धावत. त्यांचे भाग झिजत, म्हणून ते बनत. आणि बनत म्हणून आमच्या मामांसारख्या घरगुती मालकांसही ते सहज मिळत. पुढे शासनाने टॅक्सीच्या आयुष्यास प्रथम २५ आणि मागाहून २० वर्षांची मर्यादा घातली. ताडदेव येथे २००३ सालच्या ऑक्टोबरात नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी २०२३ सालच्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेख लिहिले. परंतु त्या टॅक्सीबरोबर रबराचे वायसर, दिव्यांच्या काचा, कड्या आणि बुश बनविणारे लहान लहान कारखानदारही या धंद्यातून उठले, याची बातमी कोठे छापून आली नाही. कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवर पूर्वी एका हाकेसरशी जे मिळे, त्यासाठी आता दुकानदार डोके खाजवितो आणि ‘पुढल्या आठवड्यात या’ म्हणतो.

मामांच्या गाडीच्या गिअरच्या दांड्याखाली सांध्यावर एक लहानशी लोखंडी कडी असते आणि तिच्या पोटात बांगडीसारखे एक बुश बसते. कडीस तडा गेलेला, बुश झिजून पातळ झालेले. त्यामुळे दुसरा गिअर टाकावयास जावे तर दांडा मध्येच अडकून बसे. मुलांचे म्हणणे, गाडी भंगारात द्यावी. भंगारवाला येऊन किंमतही सांगून गेला होता. कोणी सुचविले की पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी २०२१ साली केंद्र शासनाने जी ‘व्हिंटेज’ नोंदणी सुरू केली, ती करून घ्यावी. वेगळ्या अक्षरांची पाटी मिळेल, मानही राहील. मामांनी नियम वाचून घेतला. तशा गाडीस प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर येता येते, रोजच्या वापरास नाही, हे कळताच ते म्हणाले, “मग ती देव्हाऱ्यात ठेवण्याचीच गोष्ट झाली. मला तर तिच्यातून बाजारास जायचे आहे.” मामांचे वय ऐंशीच्या पुढे आहे.

पश्चिम रेल्वेच्या रतलाम विभागातून निवृत्त झालेल्या त्यांच्या एका मित्राने वार्ता आणली, की उज्जैनला एका मराठी कुटुंबाच्या वाड्यात याच सालची फियाट वर्षानुवर्षे पडून आहे. तेव्हा मुंबईहून निघणाऱ्या ‘अवंतिका एक्स्प्रेस’ने मी रात्री निघालो आणि सकाळी उज्जैनच्या फलाटावर उतरलो. झिजलेले बुश आणि तडकलेली कडी रुमालात बांधून खिशात ठेवली होती.

स्थानकाबाहेर देवास गेटच्या बाजूस यात्रेकरूंची आणि विजेवर चालणाऱ्या रिक्षांची एकच झुंबड असते. २०२२ साली ‘महाकाल लोक’ हा भव्य परिसर खुला झाल्यापासून ही गर्दी फार वाढली, असे जो तो सांगतो. रुळांच्या पलीकडे फ्रीगंजचा टॉवर चौक. तिकडील वस्ती नवी, रस्ते सरळ. जुन्या शहरात मात्र गल्ल्या अरुंद, आणि मराठी माणसास पावलोपावली ओळखीची खूण पटते. राणोजी शिंद्यांपासून पुढे कित्येक वर्षे ही शिंद्यांची राजधानी. १८१० मध्ये दौलतरावांनी ती ग्वाल्हेरास नेली. महाकालाचे आजचे देऊळ अठराव्या शतकात शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभारले, तर चौकातील गोपाळ मंदिर दौलतरावांच्या पत्नी बायजाबाईंनी. या गोपाळ मंदिराच्या रुपेरी दरवाजाविषयी एक आख्यायिका आहे. तो मूळ सोमनाथाचा. गझनीच्या महंमदाने नेलेला. महादजी शिंद्यांनी परत मिळविलेला, असे सांगतात. इतिहासकार त्यास किती मान्यता देतील हा प्रश्न निराळा. पण हरवलेला भाग दूरदेशाहून शोधून आणून दुसऱ्या जागी बसविल्याची ही कथा ऐकताना माझा हात नकळत खिशातील रुमालाकडे गेला.

वाड्याचे यजमान वयोवृद्ध होते. त्यांच्या मराठीत माळव्याची हिंदी इतकी मुरलेली, की “या, बसा, जरा पाणी पिऊन घ्या, मग गाडी बघून घेऊ,” हे वाक्य कोणत्या भाषेतले, हे व्याकरणकारच ठरवोत. गाडी मागच्या चौकात, कडुनिंबाखाली. चाके जमिनीत रुतलेली, आसनांत मांजरीने संसार थाटलेला. त्यांच्या दिवंगत बंधूंची ती गाडी. विकण्याचे मन होत नव्हते आणि चालविणारे कोणी उरले नव्हते. कडीपुरते विचारताच ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “घेऊन जा. त्याची गाडी कुठे तरी चालतेय, एवढे तरी होईल.” किमतीचा विषय मी काढला तो त्यांना रुचला नाही. मिस्तरीने तासाभरात कडी सोडविली. ती शाबूत होती; पण तिच्यातले बुश आमच्यापेक्षाही अधिक झिजलेले निघाले.

आता बुश करवून घेणे एवढाच मार्ग उरला, आणि येथे उज्जैनचा एक गुण उपयोगी पडला. हा सारा मुलूख काळ्या मातीचा, सोयाबीन आणि गव्हाचा. ट्रॅक्टर, मळणीयंत्रे, विहिरीवरील पंप यांची दुरुस्ती हाच येथील लोहारकामाचा प्राण. मळणी ऐन भरात असता यंत्राचा भाग मोडला तर शेतकरी कंपनीच्या पार्सलाची वाट पाहत बसू शकत नाही. त्यास तो संध्याकाळपर्यंत हवा असतो. म्हणून लेथवर, ज्यास तिकडे खराद म्हणतात, नमुना पाहून भाग कातून देणारे कारागीर येथे अजून टिकून आहेत. यजमानांनी मला अशाच एका साध्या पत्र्याच्या दुकानी नेले.

कारागिराने दोन्ही बुशे हातात घेतली आणि बाजूस ठेवून दिली. “यांचे माप घेऊन उपयोग नाही,” तो त्याच्या हिंदीत म्हणाला. “झिजलेली वस्तू मापली तर तिची झीजच मापली जाते. हे ज्यात बसते ते आणा, आणि ज्याला धरते ते दाखवा.” कडीचे पोट त्याने व्हर्नियरने मापले. मग जुन्या गाडीचा दांडा सोडवून आणविला आणि जेथे बुश कधी घासलेच नव्हते अशा कोऱ्या जागी त्याचा व्यास घेतला. दोन मापे पाटीवर खडूने लिहिली आणि पाच वाजता येण्यास सांगितले.

मधली दुपार मी जयसिंहपुऱ्यातील वेधशाळेत घालविली. जयपूरचे सवाई जयसिंह माळव्याचे सुभेदार असता अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी ती क्षिप्रेजवळ बांधली. दिल्ली, जयपूर, काशी आणि मथुरा येथील चार धरून त्यांच्या एकूण पाच वेधशाळा. पैकी मथुरेची नामशेष झाली. एवढी प्रचंड यंत्रे चुन्या-दगडांत बांधण्याचे कारण त्यांच्या ‘झिज-इ-मुहम्मदशाही’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत दिलेले आहे. पितळेची यंत्रे आकाराने लहान. त्यांचे आस झिजतात, हलू लागतात, वर्तुळांचे मध्य सरकतात, आणि मग वेध चुकतात. एका राजाची ही तक्रार आणि आमच्या मामांची तक्रार यांत तत्त्वतः अंतर काय, ते मला सांगता येणार नाही.

जयसिंहांनी अचूक मापांसाठी किती दूर माणसे धाडली, हेही येथे आठवते. १७२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी येशूसंघीय फादर मॅन्युएल द फिगेरेदो यांस पोर्तुगालला पाठविले. ते परतताना फिलिप द ला हिर या फ्रेंच ज्योतिर्विदाची कोष्टके घेऊन आले. राजाने ती स्वतःच्या वेधांशी ताडून पाहिली, तो चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाचा फरक आढळला. युरोपातून आलेले म्हणून त्याने ते डोळे मिटून स्वीकारले नाही, हे विशेष.

पुढे ही वेधशाळाही मोडकळीस आली. पंडित नारायणजी व्यास आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्या सूचनेवरून माधवराव शिंद्यांनी १९२३ साली तिचा जीर्णोद्धार केला. आपटे हे तिचे पहिले अधीक्षक. सम्राट यंत्राच्या जिन्याची तिरपी कड आजही थेट ध्रुवाकडे रोखलेली आहे. तिचा कोन सुमारे २३ अंश १० कला, म्हणजेच उज्जयिनीचा अक्षांश. येथे दगड ढासळला, खुणा पुसल्या गेल्या, तरी माप हरवत नाही. ढासळलेल्या दगडाची नक्कल न करता ते आकाशावरून पुन्हा काढता येते. मी कडेची छाया पाहिली आणि मनगटावरील घड्याळ पाहिले. दोहोंत जवळजवळ अर्ध्या तासाचा फरक. उज्जैनची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटे मागे. उरलेला फरक सूर्याच्या गतीचा, आणि तो ऋतुमानानुसार कमीजास्त होतो.

पाच वाजता दुकानी पोहोचलो. बुश तयार होते, पिवळसर कांस्याचे, तेलाने चमकणारे. कारागिराने ते प्रथम कडीत दाबून बसविले, मग त्यातून दांडा सरकवून दाखविला. तो ना अडकला, ना डुगडुगला. पैसे त्याने अगदी थोडे घेतले. घडीव तुकडे मात्र दोन होते. दुसराही विकत मागितला, तेव्हा त्याने मान हलविली, तो तुकडा तारेत ओवून भिंतीवरील खिळ्यास अडकविला आणि त्याखाली खडूने ‘फियाट ६७’ असे लिहिले. “हा राहू द्या,” तो म्हणाला. “तुम्ही आलात, तसा आणखी कोणी तरी येईल.”