वळणाचा हिशेब

आमच्या भाच्याचा ट्रक आहे. परमिट लागत नाही, कारण तो खऱ्या ट्रकच्या 1/10 मापाचा. रिमोटवर चालतो आणि मातीच्या ट्रॅकवर शर्यती मारतो. खोड एकच, वळण आलं तरी स्वारी आपली नाकासमोर!

अशा वेळी कुणीही स्टिअरिंग आणखी पिळतो. भाचा म्हणतो, "मामा, आधी सर्वो-सेव्हर बघायचा." सर्वो म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर, आणि तिला धक्क्यांपासून वाचवणारी ही स्प्रिंग. ती सैल पडली की मोटर वळते, चाकं वळत नाहीत. साहेबांचा हुकूम आणि आमचं टेबल यांच्यात अशीच एखादी स्प्रिंग असावी.

पुढचं सारं निव्वळ बुककीपिंग. पुढच्या स्प्रिंगा मऊ केल्या की पुढच्या टायरची पकड वाढते, ट्रक वळतो. पण ती रक्कम मागच्या टायरच्या खात्यातून आलेली असते. जास्त उचल केलीत, तर ट्रक भोवऱ्यासारखा गरकन फिरतो. म्हणून एका वेळी एकच बदल, आणि त्याची वहीत नोंद.

बिनखर्चाचा उपाय मात्र बोटात आहे. वळणाआधी ट्रिगर सोडायचा. वजन पुढच्या चाकांवर येतं, ती माती धरतात. मग वळायचं, आणि बाहेर पडताना पुन्हा वेग.

पोरगा दहावीत आहे. त्यानं कॉमर्सकडे वळावं म्हणून ताई-दाजी सहा महिने भर वेगात स्टिअरिंग पिळतायत. तो सरळच चाललाय. रविवारी जाऊन ताईला एवढंच सांगणार आहे, आधी जरा ट्रिगर सोड.