लेकीला पोचवायला गेलो तेव्हा

थोरली लेक बारावी झाली आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात तिचे नाव लागले. घरात पेढे वाटले, पण रात्री कुणाला झोप आली नाही. धाकटा भाऊ म्हणाला, ''दादा, एवढ्या लांब पोरीला एकटी ठेवायची? साताऱ्यात कॉलेजं काय कमी आहेत?'' मालकीण काही बोलली नाही. तिने मुकाट्याने लाडू वळायला घेतले. फी भरायला दोन दिवस उरले होते. मी ठरवले, आधी जागा डोळ्यांनी बघायची. मन घेईना तर लेकीला घेऊन माघारी यायचे. आल्याचे आलेले पैसे कोपरीच्या आतल्या खिशात घातले. खरे तर ते विहिरीच्या कामासाठी ठेवले होते.

स्वारगेटला उतरून आधी अप्पा बळवंत चौक गाठला. वाचकहो, आपल्याकडे बाजारात भाजीचे ढीग असतात तसे इथे पुस्तकांचे ढीग! नवी पुस्तके दुकानात, वापरलेली रस्त्याकडेला. लेक घासाघीस करू लागली, तशी मला तिच्या आईची आठवण झाली. जवळच बुधवार पेठेत १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. शिकवायला जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर लोक शेण टाकत. आज त्याच पेठेत पोरी पाठीला दप्तर लावून बिनघोर फिरतात.

लक्ष्मी रस्त्याने लकडी पूल ओलांडला. नाव लकडी, पण आता त्यात लाकूड औषधालाही नाही. पुढे डेक्कन आणि गुडलक चौक. तिथल्या १९३५ सालच्या इराणी हॉटेलात बनमस्का आणि चहा घेतला. शेजारच्या टेबलावर चार पोरे एका चहावर तासभर कसलासा वाद घालत बसली होती. मालकाने त्यांना उठवले नाही. हे मला आवडले.

तिथून फर्ग्युसन रस्ता सुरू होतो. दोन्ही बाजूंना मोठी झाडे, कपड्यांची दुकाने, खाण्याच्या गाड्या आणि पोरापोरींची जत्रा. जरा बिचकलो. पण पुढे ज्ञानोबांच्या आणि तुकोबांच्या पादुकांची मंदिरे दिसली आणि ओळख पटली. आषाढीच्या वारीत मी पालखीबरोबर याच रस्त्याने चाललो होतो! तेव्हा माझे लक्ष टाळांकडे होते, कॉलेज दिसलेच नव्हते.

कॉलेज १८८५ सालचे. मागे टेकडी, पुढे दगडी इमारत, आत गर्द सावली. इथे गोपाळ गणेश आगरकर प्राचार्य होते. ते आपल्या कराडजवळच्या टेंभू गावचे. शिकताना अंगात एकच सदरा. रात्री धुवायचा, सकाळी तोच घालायचा. शिकून झाल्यावर त्यांनी आईला कळवले, की मी मोठ्या पगाराच्या मागे लागणार नाही, पोटापुरते मिळवून लोकांसाठी झटेन. ही गोष्ट मी लेकीला सांगितली. ती म्हणाली, ''आबा, माझ्याकडं चार ड्रेस आहेत.'' दोघेही हसलो.

आता राहायची जागा. कॉलेजामागच्या गल्लीत एका मावशींकडे कॉट बेसिसवर सोय होती. एका खोलीत तीन मुली. मावशी म्हणाल्या, ''रात्री नवानंतर दार उघडणार नाही. उशीर होणार असेल तर आधी कळवायचं.'' आवाज करडा होता, पण कुणी आजारी पडली तर मऊ भात मीच करते, हेही त्यांनीच सांगितले. खाणावळ दोन घरे सोडून. मालक खटाव तालुक्यातले. म्हणाले, ''पाहुणं, बुधवारी पिठलं-भाकरी असते. पोरगी उपाशी राहायची नाही.''

संध्याकाळी मी एकटाच वरच्या अंगाला चालत गेलो. तिथे कृषी महाविद्यालय आहे, १९०७ सालचे. शहराच्या पोटात पिकाचे वाफे! बांधाशी उभा राहिलो. ओल्या मातीचा वास आला आणि छातीवरचा दगड हलका झाला. एवढ्या गर्दीतही या गल्ल्या परगावच्या पोरांना सांभाळतात. इथली चहाची टपरी, खाणावळ, पुस्तकाचे दुकान, सारे शिकणाऱ्यांच्या जिवावर चालते. म्हणून शिकणाऱ्याला इथे किंमत आहे.

दुसऱ्या दिवशी फी भरली. विहीर पुढच्या साली.

निघताना लेक गेटपर्यंत आली. पाया पडली, पण रडली नाही. रडू मला एस्टीत आले, खिडकीकडे तोंड करून. घरी पोचलो तर मालकीण दारातच उभी. मी म्हटले, ''खाणावळवाला आपल्याकडचाच आहे.'' ती काही न बोलता आत गेली आणि तिने माझे ताट वाढले.