पडद्यावरचा पांढरा

आईच्या वर्षश्राद्धाआधी तिचे एक छायाचित्र मोठे करून भिंतीवर लावावे, एवढाच माझा बेत होता. घरात तिची रंगीत छायाचित्रे मोजकीच. मला हवे होते ते १९७६ सालचे. सांगलीच्या जुन्या घराच्या पायरीवर ती बसली आहे, मांडीवर सूप आहे, आणि कोणीतरी हाक मारल्यामुळे तिने मान वर केली आहे. अंगावर इरकली लुगडे. अल्बमच्या काळ्या पानांत जवळजवळ अर्धे शतक राहिल्यावर चित्राचे जे व्हायचे तेच झाले होते. त्या काळच्या रंगीत कागदांतला निळसर-हिरवा थर अंधारात ठेवूनही इतर थरांच्या आधी विरतो आणि मागे उरते ती एक सार्वत्रिक तांबूस छटा. पायरी तांबूस, सूप तांबूस, आईचा चेहराही तांबूस. लुगड्याचा रंग तर सांगताच येऊ नये असा.

चित्र स्कॅन करून मी चार रात्री संगणकासमोर बसलो. मराठीच्या अध्यापकाने निवृत्तीनंतर शिकलेली ही विद्या, तेव्हा तीत सफाई नव्हती. चिकाटी मात्र होती. पाचव्या दिवशी पडद्यावर आई अशी दिसू लागली, की मला थोडा वेळ उठवेना. फाइल गावातल्या एका छपाईवाल्याकडे दिली. हाती आलेली प्रत काळवंडलेली आणि पिवळट होती. मी वाद घातला. त्याने मुकाट्याने दुसरी प्रत काढली, तीही तशीच. मनातल्या मनात त्याच्या यंत्राला बोल लावीत मी ती मावशीला दाखवली. तिने ती हातभर लांब धरली आणि म्हणाली, "अरे, ताईनं शेवाळी लुगडं जन्मात नेसलं नाही. हे मोरपंखी होतं."

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात पुस्तकांची मुखपृष्ठे करतो. त्याला दूरध्वनीवर सगळी कैफियत ऐकवली. तो शांतपणे म्हणाला, "सर, त्या माणसाला बोलू नका. तुमचा पडदा निळा असणार." मला तो अपमान वाटला. पांढरे पान पांढरे दिसते की नाही, एवढे मला कळत नव्हते काय?

पुढच्या रविवारी तो एक लहानसे रंगमापक यंत्र घेऊन आला. आल्या आल्या त्याने खिडकीचा पडदा ओढला, दिवा मालवला आणि मॉनिटर अर्धा तास नुसता चालू ठेवायला सांगितला. थंड मॉनिटरचे मोजमाप भरवशाचे नसते म्हणे. मग ते यंत्र वायरने पडद्यावर लोंबकळत सोडले. त्याने तीन गोष्टी ठरवल्या: पांढऱ्याचे रंगतापमान ६५०० केल्विन, गॅमा २.२, आणि उजेड चौरस मीटरला १२० कँडेला. माझा पडदा ह्याच्या दुपटीहून अधिक उजळ होता. दुकानाच्या झगमगाटात गिऱ्हाइकाची नजर खेचावी म्हणून कारखान्यातूनच असे भडक, निळसर पडदे पाठवतात, असे त्याचे म्हणणे. मग यंत्राखाली एकामागून एक चौकोन उमटू लागले. काळा, राखाडी, लाल, हिरवा, निळा, पुन्हा राखाडी. आज्ञावली प्रत्येक चौकोनासाठी ठरावीक आकडे पाठवते आणि पडद्याने प्रत्यक्षात काय दाखवले ते यंत्र मोजते. ह्या दोहोंतील तफावतीची नोंद म्हणजे त्या पडद्याचे प्रोफाइल.

इथे मला पहिल्यांदा उमगले, की संगणकातले तीन आकडे म्हणजे रंग नव्हे. तेच आकडे दोन पडद्यांवर दोन रंग दाखवतात. आमसुली, अंजिरी, डाळिंबी म्हटले की निदान एक फळ तरी डोळ्यांपुढे येते. आकड्यांमागे काय आहे ते प्रोफाइलवाचून कळायला मार्ग नाही. पडदा फार उजळ म्हणून मी चित्र काळे करीत गेलो, निळा म्हणून पिवळे ओतीत गेलो, आणि छपाईवाल्याने माझ्या दुरुस्त्या इमानाने छापल्या. पडद्याचे दोष मी आईच्या अंगावर चढवले होते.

मोजमाप संपले आणि पडदा बदलला. मला तो मळकट, जुन्या धोतरासारखा पिवळा दिसला. "हे चुकले आहे," मी म्हणालो. विद्यार्थी म्हणाला, "दहा मिनिटे थांबा, सर. चहा होऊ द्या." चहानंतर परत आलो तो पान पांढरेशुभ्र होते. मग त्याने एक कळ दाबून जुनी अवस्था दाखवली, आणि निळा डोळ्यांत घुसला. ज्या पांढऱ्यावर माझा इतका विश्वास होता, तो रॉकेलच्या ज्योतीच्या मुळाशी असतो तसा निळा होता. अध्यापनाच्या तीस वर्षांत काही पुस्तके मी विद्यार्थ्यांपुढे अशाच खात्रीने नीरस ठरवली होती. त्यांची नावे इथे देत नाही.

पण हा 'खरा' पांढरा तरी कोणी ठरवला? विचारणा केल्यावर जे कळले त्याने मी थक्क झालो. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये राइट आणि गिल्ड ह्या दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे प्रयोग केले. समोरच्या एका रंगाशी जुळेपर्यंत लाल, हिरवा आणि निळा प्रकाश कमीजास्त मिसळायचा, असे ते काम. राइटकडे १० निरीक्षक होते, गिल्डकडे ७. ह्या सतरा जणांच्या सरासरीतून १९३१ साली 'प्रमाण निरीक्षक' सिद्ध झाला, आणि पडद्यावर लटकणारे ते यंत्र आजही त्याच्याच नजरेने पाहते. आपल्या काव्यशास्त्रातला सहृदय निदान आकड्यांत मांडलेला नाही, म्हणून त्याच्याशी भांडता येते. अर्थात, तक्रार करण्याचा अधिकार मला उरला नव्हता. माझ्या एकट्याच्या डोळ्यांपेक्षा त्या सतरा जणांनी आईला अधिक न्याय दिला होता.

मावशी म्हणाली, "तुझ्या गोधडीत त्याचा तुकडा आहे की." खरेच होता. धुऊन धुऊन तो फिका पडला होता, पण कडेची शिवण उसवली तेव्हा आतल्या घडीत मूळ रंग सापडला. खिडकीशी, ऊन थेट पडणार नाही अशा जागी तो तुकडा धरून मी पडद्यावरचे लुगडे त्याच्याजवळ नेऊ लागलो. एका टप्प्यावर आज्ञावलीने लुगड्यावर राखाडी डाग टाकून इशारा दिला: ह्यापुढचा रंग हा पडदा दाखवू शकत नाही. सर्वसाधारण पडदे ज्या एसआरजीबी परिघात बसवलेले असतात, तो १९९६ सालचा. गडद निळसर-हिरव्याच्या बाजूला तो बराच अपुरा पडतो. आईचे लुगडे नेमके त्या कुंपणाबाहेर होते.

लुगड्याचे निदान एवढे तरी झाले. चेहऱ्यासाठी माझ्याकडे घडीतला तुकडा नव्हता. प्रमाणित पडद्यावर माझे आधीचे काम उघडले, तेव्हा दिसले की तांबूसपणा काढता काढता मी आईला चांगली दोन छटा उजळ केली होती. तो दोष पडद्याचा नव्हता. कारखान्याने पडदा निळा केला असेल. सावळी आई गोरी करण्याचे काम माझे स्वतःचे होते, आणि ते करताना मला बरे वाटले होते.

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीविषयी मी वर्षानुवर्षे वर्गात बोलत आलो. १९१९ ते १९६६ एवढा काळ खपून त्या संपादकांनी व्यासांची मूळ संहिता दिल्याचा दावा केला नाही. हाती आलेल्या पोथ्यांच्या आधारे जिथवर मागे जाता येते तिथवरच ते गेले, आणि पाठभेद तळटीपांत ठेवले. हे सांगताना माझा आवाज जरा चढत असे. स्वतःच्या आईच्या बाबतीत मात्र मी सुंदर प्रक्षेप करून मोकळा झालो होतो. मूळ स्कॅन नशिबाने शाबूत होते. त्यावरून पुन्हा सुरुवात केली. लुगडे गोधडीच्या साक्षीने जमेल तेवढे मोरपंखी केले. चेहरा पायरीच्या दगडाचा करडेपणा परत येईपर्यंतच सुधारला आणि तिथे हात आखडता घेतला. थोडी तांबूस झाक राहिली आहे.

छपाईवाल्याकडे जाऊन आधी माफी मागितली. तो म्हणाला, "चालायचंच, सर," आणि ह्या वेळी प्रत काढून खिडकीशी नेऊन दाखवली. मावशीने चित्र बराच वेळ पाहिले. लुगड्याबद्दल ती काहीच बोलली नाही. "उन्हातून आल्यावर अशीच दिसायची," एवढेच म्हणाली. गोधडीची उसवलेली कड तिने त्याच दिवशी शिवून दिली, घरात सापडला त्या पांढऱ्या दोऱ्याने.