कासच्या पठारावर माश्या मोजतांना

साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढून कासच्या पठारावर जाणाऱ्यांची संख्या अलीकडे इतकी वाढली आहे कीं, त्या स्थळाचें साद्यंत वर्णन पुन्हां करणें म्हणजे वाचकांच्या सोशिकपणाची परीक्षा पाहणेंच होय. २५ किलोमीटरांचा तो वळणावळणांचा रस्ता, डाव्या हातास दिसणारा सज्जनगड, आणि सुमारें १२०० मीटर उंचीवर एकाएकीं समोर पसरणारा जांभ्या दगडाचा तो उघडा माळ, हें सर्व पुष्कळांनीं पाहिलें आहे. ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांनीं निदान त्याचीं छायाचित्रें तरी पाहिलीं आहेत. २०१२ सालीं पश्चिम घाटांतील ३९ स्थळें 'युनेस्को'च्या जागतिक वारशाच्या यादींत दाखल झालीं, त्यांत कासचें नांव आहे. आणि भाद्रपद-आश्विनांत तेथें आतां जत्राच भरते. ही सारी यात्रा फुलांच्या दर्शनास जाते. गेल्या भाद्रपदांत मी तेथें तीन दिवस काढले ते मात्र फुलांकरितां नव्हेत. फुलांकडे येणाऱ्या माश्यांकरितां.

माझी पुतणी प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर परीक्षेसाठीं प्रबंध लिहीत आहे, आणि फुलांस भेट देणाऱ्या माश्या हाच तिचा विषय आहे. एकटी मुलगी डोंगरावर कशी पाठवावी हा प्रश्न घरांत निघाला (ती पंचविशीची आहे व माझ्याहून चांगली मोटार चालविते, हा मुद्दा कोणींच विचारांत घेतला नाहीं), आणि सेवानिवृत्त मनुष्य म्हणून सोबतीचें काम माझ्याकडे आलें. "म्हणजे काका-पुतणी मिळून माश्या मारायला साताऱ्यास चाललीं म्हणा कीं!" असें आमच्या वहिनी म्हणाल्या आणि सगळें माजघर हंसलें. मीही हंसलों. त्या थट्टेंत एक खरा प्रश्न दडलेला होता. तो पुढें येईलच.

प्रथम या माशीची ओळख करून दिली पाहिजे. कारण वाचकांपैकीं बहुतेकांनीं ती पाहिलेली असेल, आणि तिला मधमाशी किंवा गांधीलमाशी समजून अंगही चोरलें असेल. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचें पोट, झगझगीत पंख, आणि फुलासमोर हवेंत एके जागीं टांगल्यासारखें स्थिर राहण्याची विलक्षण हातोटी. शेतकीच्या पत्रकांतून तिला 'सिरफिड माशी' म्हणतात. या लेखापुरतें मी तिला फूलमाशी म्हणेन. मधमाशीस पंख चार, हिला दोनच. मागल्या पंखांच्या जागीं टांचणीसारखे दोन इवलेसे दांडे असतात व उडतांना तोल सांभाळण्याचें काम ते करितात. हिला नांगी नाहीं. अंगावरचे पट्टे हें केवळ सोंग. नांगीवाल्यांचा पोशाख चढवून पक्ष्यांस दूर ठेवण्याची ही युक्ति आहे. निरुपद्रवी प्राण्यांच्या अशा वेषांतराची उपपत्ति हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गाभ्यासकानें ॲमेझॉनच्या खोऱ्यांतील फुलपांखरांवरून १८६२ सालीं मांडली. या सोंगाला केवळ पक्षीच फसतात असें मात्र नव्हे. मेलेल्या बैलाच्या देहापासून मधमाश्या उत्पन्न होतात, असें ग्रीक व रोमन लोक शतकानुशतकें मानीत आले. त्या 'मधमाश्या' म्हणजे कुजक्या पाण्यांत वाढणारी एक फूलमाशीच होती, हें ऑस्टेन-साकेन नांवाच्या गृहस्थानें १८९४ सालीं पुस्तक लिहून दाखविलें. हे गृहस्थ रशियाच्या परराष्ट्रखात्यांतील मुत्सद्दी. राजकारण सांभाळून माश्यांचा व्यासंग करणारा मुत्सद्दी मला तरी दुसरा ठाऊक नाहीं.

आतां कामाची पद्धत. ती ऐकावयास अगदींच सोपी आहे. अर्धा मीटर लांब व तितकीच रुंद अशी दोरीची चौकट फुलांच्या ताटव्यावर अलगद धरावयाची, आंतील उमललेलीं फुलें मोजावयाचीं, घड्याळ लावावयाचें, आणि बरोबर दहा मिनिटें तेथें कोण कोण येतें, कोणत्या फुलावर बसतें, मध पितें कीं पराग खातें, हें टिपून घ्यावयाचें. सोबत वारा, ऊन, ढग व उष्णतामान यांची नोंद. दहा मिनिटें संपलीं कीं दुसरा ताटवा. सकाळीं आठापासून दुपारीं चारापर्यंत हेंच. माझ्याकडे घड्याळ व वही. पहिली आज्ञा झाली ती अशी: "काका, फुलांवर सावली पडूं देऊं नका. सावली हलली कीं ती उडते." साठी उलटलेल्या मनुष्यास स्वतःच्या सावलीकडे इतकें लक्ष द्यावें लागेल, असें मला कधीं वाटलें नव्हतें.

पहिल्या दिवशीं सकाळीं धुकें होतें. चार हातांवरचें झुडूप दिसेना. अशा हवेंत फूलमाशी उडत नाहीं. तिला ऊब लागते. तरीही चौकट धरली गेली, घड्याळ लागलें, दहा मिनिटें संपलीं आणि वहीच्या रकान्यांत एकही खूण पडली नाहीं. "आतां या पानाचें काय करावयाचें?" मीं विचारलें. "काका, शून्य लिहा. तें पान मला सर्वांत जास्त हवें आहे," ती म्हणाली. "आलेल्यांचीच गणती ठेवली, तर ढगाळ दिवसांत या फुलांकडे कोणीच फिरकत नाहीं हें कधीं कळणारच नाहीं. आणि येथें पावसाळ्यांत बहुतेक दिवस ढगाळच." मीं शून्य लिहिलें. दुपारपर्यंत अशीं सात शून्यें झालीं.

एकाच्या सुमारास ऊन पडलें आणि सोनकीच्या पिवळ्या गालिचावर जणूं दिवेलागण झाली. सोनकीचें एक फूल म्हणजे वास्तविक पुष्कळ बारीक फुलांचा पुंजका. प्रत्येकींत मध थोडा, पण वरच्यावर. फूलमाशीची सोंड आंखूड असते, तेव्हां असलें उघडें ताट तिला मानवतें. एक लहान काळी-नारिंगी माशी फुलासमोर थबके, पुढें सरके, मागें येई, आणि मग एखाद्या चोखंदळ बाईनें भाजी निवडावी तशी एकच फूल निवडून त्यावर उतरे. दुसरी जाडसर, डोळ्यांवर ठिपके असलेली. ती आली कीं लहान माश्या बाजूस सरत. पांढऱ्या गेंदाच्या बोंडांवरही त्या जात. परंतु शेजारींच उमललेल्या कावळ्याच्या फुलांवर एकही बसेना. तें फूल वाटाण्याच्या कुळांतलें. त्याच्या पाकळ्यांची मिटलेली पेटी उघडण्यास मधमाशीचें वजन व जोर लागतो. सीतेच्या आसवांच्या निळ्या-जांभळ्या फुलांतही मध शिंगासारख्या नळीच्या तळाशीं असल्यामुळें तिचा निरुपाय होता.

या सीतेच्या आसवांची एक गंमत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. जांभ्यावरच्या या मातींत नत्र फार थोडें, म्हणून ही वनस्पति ओल्या मातींतील सूक्ष्म जीव आपल्या बारीक पिशव्यांत ओढून घेऊन पचविते. वरच्या मजल्यावर पाहुण्यांना मध, आणि तळघरांत त्यांच्याच दूरच्या भाऊबंदांचा फराळ!

माशी फुलावर बसली म्हणजे परागसिंचन झालें, असें आपण सहज समजतों. शास्त्रास तें पुरेसें नाहीं. फूलमाशी पराग खाते. विशेषतः अंडीं तयार होण्यासाठीं मादीस त्यांची गरज असते. ती नुसती जेवून गेली, कीं जातांना दुसऱ्या फुलाचें कार्यही करून गेली? हें ठरविण्यासाठीं कांहीं कळ्यांवर मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्या बांधतात आणि झांकलेल्या व उघड्या फुलांत बीं किती धरलें याची तुलना करितात. माशीच्या अंगावरील केंसांत अडकलेले परागकण सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. आणि येथेंच वहिनींचा प्रश्न उभा राहतो. कारण त्यासाठीं माशी हातांत लागते.

दुसऱ्या दिवशीं पुतणीनें जाळीनें एक माशी धरली, कांचेच्या नळींत घेतली, आणि औषधाचा बोळा आंत सरकविला. माशी थोडा वेळ फिरली व निश्चल झाली. मी दुसरीकडे पाहूं लागलों. आमच्या घरांत मुंग्यांना साखर घालणारी पिढी मीं पाहिली आहे. "मारल्यावांचून चालणार नाहीं काय?" मीं विचारलें. ती रागावली नाहीं. ज्या माश्या डोळ्यांनीं ओळखतां येतात, त्यांचीं ती नुसतीं छायाचित्रें घेते. परंतु कांहीं जाती इतक्या सारख्या कीं पायावरचे केंस व पंखांच्या शिरा भिंगाखालीं तपासल्यावांचून निवाडा होत नाहीं. वनखात्यानें जेवढी संख्या लेखी मंजूर केली आहे तिच्या निम्म्यावरच थांबावयाचें, असा तिचा नियम.

रात्रीं मुक्कामाच्या खोलींत ती बारीक अक्षरांत चिठ्ठ्या लिहीत बसली: स्थळ, उंची, तारीख, वेळ, कोणत्या फुलावर, कोणीं धरली. प्रत्येक टांचणीखालीं एक चिठ्ठी. हिंदुस्थानांतील फूलमाश्यांचें मोठें वर्णन एन्रिको ब्रुनेटी यानें केलें. हा पेशानें संगीतज्ञ, कलकत्त्यास राहिलेला, आणि 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेंतील त्याचा खंड १९२३ सालचा. आजही संशोधकांस जुन्या संग्रहांतील टांचलेले नमुने पुन्हां पाहावे लागतात, आणि ज्या नमुन्याखालीं चिठ्ठी नाहीं तो कवडीमोलाचा ठरतो. चिठ्ठी नसलेली माशी म्हणजे निव्वळ हत्या, इतकें मला त्या रात्रीं पटलें. चिठ्ठी असली म्हणजे तिचें पूर्ण परिमार्जन होतें, असें मात्र मी अजून म्हणूं शकत नाहीं, आणि पुतणीही तसें म्हणत नाहीं.

तिसरा दिवस शनिवार. गाड्यांची रांग लागली. प्रवेशास शुल्क व संख्येस मर्यादा आहे, आसपासच्या गांवांतील मंडळी शिट्ट्या फुंकून लोकांस वाटेवर ठेवतात, आणि तें काम तीं चोख करितात. तरीही छायाचित्रासाठीं फुलांत बसणारे बसतातच. येथें खडकावर मातीचा थर कोठें कोठें बोटभरच असतो. एक टांच दाबली कीं त्यांतील बीं-कंद गेलें. एका बाईंनीं आम्हांस विचारलें, "काय शोधतां हो?" "माश्या," मी म्हणालों. त्यांनीं मुलांना घाईनें ओढून पलीकडे नेलें. आम्हीही त्याच मातीवर गुडघे टेकून बसलों होतों, हें खरें. म्हणून पुतणी उघड्या खडकावरूनच चौकटीपर्यंत जाई आणि जेथें खडक नाहीं तो ताटवा सोडून देई. तिच्या प्रबंधांत त्यामुळें कांहीं फुलें अजिबात येणार नाहींत.

ज्यांस कासला जाणें होत नाहीं, त्यांनीं परसांतील कोथिंबिरीचा एक वाफा न उपटतां फुलावर जाऊं द्यावा. ती पांढरीं फुलें फूलमाशीस अतिशय प्रिय आहेत; आणि शेजारीं मोहरीवर किंवा वालावर मावा पडला असेल तर ती तेथेंच अंडीं घालते, कारण कित्येक जातींच्या अळ्यांचें अन्न मावाच होय. एक अळी वाढतांना शेंकडों मावे फस्त करिते. आमच्या वहिनींनीं यंदा असा एक वाफा राखला आहे. मुलांना सकाळच्या उन्हांत घड्याळ देऊन दहा मिनिटें तेथें बसवावें. पंख दोन कीं चार, आणि ती हवेंत थबकते कीं नाहीं, एवढेंच प्रथम पाहण्यास सांगावें. वहींत तारीख, वेळ, ऊन कीं ढग, हें लिहावें. आणि कोणी आलें नाहीं तर शून्य.